खंडोबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आमचं कुलदैवत खंडोबा" एवढंच माहीत असलेल्या घरांतून बहुधा हेच प्रश्न येतात. उत्तरं देताना दोन ठिकाणी पाहिलं आहे. एक पोथी, म्हणजे मल्हारी माहात्म्य. दुसरं जागरण, म्हणजे देवाच्या नावाने रात्रभर गाणाऱ्या वाघ्या-मुरळीच्या तोंडची गाणी. देव तोच असला तरी दोन्हीकडे गोष्ट तीच नाही. फरक आहे तिथे तो सांगितला आहे. माझा कल बऱ्याचदा जागरणाकडे जातो, हेही आधीच सांगून टाकतो.

खंडोबा म्हणजे शंकरच का?

पोथी तसंच सांगते. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारण्यासाठी शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, तोच खंडोबा. मार्तंड हे सूर्याचं नाव, म्हणून देवाचा वार सोमवार नसून रविवार. भैरव म्हटल्यावर हाती खड्ग आलं, पायाशी कुत्रा आला. त्रिशूळ, डमरू आणि बेल मात्र शंकराचेच राहिले. जेजुरीच्या गाभाऱ्यात देव आणि म्हाळसा लिंगरूपात आहेत. घरच्या देव्हाऱ्यात मात्र घोड्यावर बसलेला तलवारधारी देव टाकावर, म्हणजे धातूच्या छोट्या पत्र्यावर, कोरलेला दिसतो.

देव महाराष्ट्रापुरता नाही. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. धनगर, मराठा, माळी, कोळी, रामोशी, लिंगायत वाणी, देशस्थ ब्राह्मण अशा एरवी फारशा एकत्र न येणाऱ्या घरांच्या देव्हाऱ्यांत तो बसलेला आहे. याचं कारण पोथीपेक्षा त्याच्या संसारात सापडतं. ते पुढे येईलच.

मणी-मल्लाची कथा थोडक्यात काय आहे?

मणिचूर्ण पर्वतावर सप्तर्षींचे आश्रम होते. ब्रह्मदेवाच्या वराने माजलेल्या मणी आणि मल्ल या भावांनी ते उद्ध्वस्त केले. ऋषी आधी इंद्राकडे गेले, मग विष्णूकडे. दोघांनाही वराचा पेच सुटेना, तेव्हा शंकराकडे आले. त्याने संतापून जटा आपटली, तिच्यातून एक भयंकर शक्ती निघाली आणि तिच्यावर तूप शिंपल्यावर ती शांत झाली, म्हणून तिचं नाव घृतमारी. मग सात कोटी सैन्य घेऊन देव उतरला. आधी मणी पडला, मग मल्ल.

इथपर्यंत ही देव-दैत्यांची नेहमीचीच लढाई आहे. गोष्टीला खरी चव येते ती दैत्य मरताना.

मग दैत्याची पूजा का करतात?

मणीने मरताना पश्चात्ताप केला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि वर मागितला की तुझ्या प्रत्येक ठाण्यात मलाही जागा दे. देवाने दिली. म्हणून खंडोबाच्या देवळात मणी असतो आणि लोक त्यालाही भंडारा लावतात.

मल्लाबद्दल एकमत नाही. एका कथेत त्याने मरताना जगाचा नाश आणि माणसाचं मांस मागितलं. देव चिडला, त्याचं मुंडकं उडवलं आणि ते देवळाच्या पायरीवर पडलं. भक्त त्याच्यावर पाय देऊन आत जातात. दुसऱ्या कथेत मल्लालाही शेवटी शहाणपण आलं आणि त्याने मागितलं, "तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे." मल्हारी या नावात मल्ल पहिला आहे तो त्यामुळे, असं वाघे सांगतात.

एक भाऊ देवळात, दुसरा पायरीवर किंवा देवाच्या नावात. वैऱ्याला मारून हाकलून देणारे देव पुष्कळ आहेत. याने दोघांनाही घरातच ठेवून घेतलं.

घोडा पांढरा की निळा?

पोथीत पांढरा, कारण तो मणीचा. तळी उचलताना (ती कशी भरतात ते पुढे आहे) मात्र अनेक घरांत "निळा घोडा, पायी तोडा" असं म्हणतात. टाकावर रंग नसतोच, त्यामुळे वाद मिटला. कुठे कुठे नंदीच घोडा झाला असंही सांगतात, म्हणजे शंकराचं वाहन सोडावं लागलं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे घोडे देवाचेच असतात.

भंडारा म्हणजे नुसती हळदच ना?

हो, हळद. पण खंडोबाच्या घरात हळद म्हणून तिला हात लावत नाहीत. सूर्यरूप देवाचा रंग सोनेरी, म्हणून हळदीचं सोनं. "सोन्याची जेजुरी" हे शब्द कोणाला अतिशयोक्ती वाटत असतील तर त्यांनी सोमवती अमावास्येला गडावर उभं राहून पाहावं. दगड, माणसं, दीपमाळा, गायी, पोलिसांच्या टोप्या, काहीच दुसऱ्या रंगाचं उरत नाही.

भंडारा कपाळाला लागतो आणि देवावर उधळला जातो. खेडोपाडी शपथसुद्धा त्याच्यावर होई. बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, म्हणूनच आजही राजकारणी "बेलभंडारा उचलून सांगतो" म्हणतात. त्यांचं देव बघून घेईल. जागरणातल्या गाण्यांत भंडाऱ्याचं आणखी एक काम आहे, मेलेलं जिवंत करण्याचं. ती गोष्ट बाणाईच्या उत्तरात आहे.

गडाखाली भंडाऱ्याच्या नावाने रंगवलेली पूडही विकायला असते. डोळे चुरचुरतात. घेताना हळदच आहे ना, हे विचारून घ्या.

"येळकोट" म्हणजे काय?

कानडीत येळु म्हणजे सात आणि कोटी म्हणजे कोटीच. सात कोटी सैन्याचा हा जयजयकार. मराठी माणसाच्या तोंडात देवाच्या नावाने कानडी घोषणा आहे यात नवल नाही, कारण हा देवच दोन भाषांच्या सीमेवर वाढला. मणी-मल्ल पडले ते प्रेमपूर अनेक जण बीदरजवळच्या मैलारमध्ये दाखवतात.

तळी कशी भरतात? आमच्याकडे सांगणारं कोणी उरलं नाही.

ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा आणि वर एखादं नाणं ठेवायचं. दिवटी, म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंधीची छोटी मशाल, पेटवायची. पाच, सात अशा विषम संख्येने माणसं गोल बसतात, डोक्यावर टोपी किंवा रुमाल असतो. सगळ्यांनी ताम्हनाला हात लावून "सदानंदाचा येळकोट" म्हणत ते वर उचलायचं, खाली टेकवायचं, पुन्हा उचलायचं. कोणी तीन वेळा उचलतात, कोणी पाच. मग भंडारा एकमेकांना लावायचा आणि भंडारा-खोबरं वाटायचं.

म्हणताना मध्येच "चिंतामणी मोरया", "आनंदीचा उदे उदे", "भैरोबाचं चांगभलं" असंही येतं. बिचकू नका. एकाच दमात गणपती, देवी आणि भैरोबा यांना हाक मारून मग खंडोबावर यायचं, अशी ही रीत आहे. दुसऱ्याची बाजू घेणाऱ्याला आपण "त्याची तळी उचलतो" म्हणतो, ते इथूनच आलं. एकट्याने तळी उचलत नाहीत, हे ध्यानात ठेवलं की बाकी घरोघरच्या फरकांची काळजी नको.

बायकांनी तळी भरावी का, असंही विचारतात. जुनी रीत पुरुषांची आहे. घरात पाच पुरुष नसतील तर ती अडवून धरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. म्हाळसा स्वतः घोड्यावर बसून लढली आहे.

म्हाळसा आणि बाणाई यांची भांडणं खरी की मालिकेतली?

मालिकेच्या कितीतरी आधीची. जागरण ऐकायला बसलेली माणसं रात्री बाराच्या पुढे डुलक्या घ्यायला लागली की वाघ्या सवतीचं भांडण काढतो, आणि सगळे पुन्हा ताठ होतात.

म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. तिचं लग्न साताऱ्याच्या पालीला लागलं. दर पौषात तिथे तारळी नदीच्या काठी ते लग्न पुन्हा लागतं आणि लाखोंचं वऱ्हाड जमतं. हे रीतसर, घरच्यांनी लावून दिलेलं लग्न. म्हाळसा म्हणजे पार्वती, यावर कोणाचा वाद नाही.

बाणाई धनगराची. गाव चंदनपुरी, मालेगावजवळ. गाणी सांगतात की देव आणि म्हाळसा सारीपाट खेळत होते. हरेल त्याने बारा वर्षं घर सोडायचं असा पण होता, आणि देव हरला. मुद्दाम हरला असंही म्हणतात, कारण बाणाई आधीच मनात भरली होती. म्हाताऱ्या धनगराचं सोंग घेऊन तो चंदनपुरीला गेला आणि तिच्याच वाड्यात मेंढरं राखायला राहिला. शेण काढलं, लेंड्या भरल्या, तिची बोलणी खाल्ली. एक दिवस तिने मेंढरं धुऊन आणायला सांगितली, तर त्याने नदीवर नेऊन एकेक आपटून मारली. बाणाईने आकांत मांडला. देव म्हणाला, लग्न करशील तर उठवतो. तिने हो म्हटलं. भंडारा शिंपडला आणि मेंढरं अंग झाडत उभी राहिली.

आजच्या कानांना हे फसवून मिळवलेलं होकारपत्र वाटतं. गाण्यांनाही ते कळत नाही असं नाही. देवाला बाणाई किती वेळा फटकारते आणि म्हातारा म्हणून किती टोमणे मारते, ते ऐकलं तर गाणाऱ्यांची सहानुभूती कुठे आहे ते समजतं.

मग देव तिला घोड्यावर घालून जेजुरीला आला आणि खरी पंचाईत झाली. म्हाळसा म्हणे, मेंढरांचा वास मारणारी ही कोण? बाणाई म्हणे, तुझा नवरा माझ्या दारात झाडू मारत होता. तोडगा असा निघाला की म्हाळसा वर गडावर देवाशेजारी आणि बाणाई गडाच्या अर्ध्या वाटेवर. आजही चढताना आधी बाणाईचं देऊळ लागतं. तिथे थांबल्याशिवाय धनगर पुढे जात नाहीत.

विद्वानांनी बाणाईला गंगेचा अवतार केलं, कोणी तिला पार्वतीची दासी जया म्हटलं. दोन्ही सोयी नंतरच्या दिसतात. कर्नाटकातल्या मैलाराच्याही दोन बायका आहेत, गंगी माळव्वा आणि कुरुबांची, म्हणजे तिकडच्या धनगरांची, कुरुबत्तेव्वा. तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या मेडलम्मा आणि गोल्ला मेंढपाळांची केतम्मा. तिन्ही भाषांत एक बायको पेठेतली आणि एक कळपातली. ज्यांचं धान्य बाजारात आणि ज्यांची मेंढरं माळावर, त्या दोघांना एकाच उंबऱ्यात आणणारा हा देव आहे. सवतींचं भांडण हे त्या दोन घरांचंही भांडण आहे, म्हणून ते रंगतं.

एकूण बायका किती?

पाच मोजतात. म्हाळसा आणि बाणाई झाल्या. रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची. चांदाईला कोणी तेलीण म्हणतात, कोणी मुसलमानाची. या तिघींच्या गोष्टी लहान आहेत, पण आपापल्या समाजात त्यांचा मान मोठा. "देव आमचा जावई" असं पाच घरं म्हणू शकतात. मघाशी ज्या संसाराचा उल्लेख केला तो हा.

गोव्याची म्हाळसा तीच का?

म्हार्दोळची म्हाळसा नारायणी मोहिनीरूपात पुजली जाते, म्हणजे ती विष्णूचं रूप. पोर्तुगीज काळात ती वेर्ण्याहून तिथे आली. तिच्या पूजेत खंडोबाची बायको ही ओळख पुढे येत नाही. दुवा मात्र आहे. खंडोबाच्या म्हाळसेचं माहेर नेवासं, आणि नेवाशात मोहिनीराजाचं प्रसिद्ध देऊळ आहे. अमृत वाटणारी मोहिनी आणि पार्वती मिळून म्हाळसा झाली असं तिकडे सांगतात. कुलदैवत गोव्याची म्हाळसा असेल तर तिथली रीत पाळा. जेजुरीची तिच्यावर लादू नका.

देवाजवळ कुत्रा का? आणि वाघ्या म्हणजे वाघ की कुत्रा?

भैरवाबरोबर कुत्रा असतोच. शिवाय धनगराच्या देवाला कुत्र्यावाचून कसं भागेल? वाघ्या म्हणजे नवसाने देवाला वाहिलेला माणूस. नाव वाघाचं असलं तरी तो स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. पूर्वी वाघे जत्रेत भुंकत, कोटंब्यात वाढलेलं अन्न जमिनीवर ठेवून तोंडाने खात. कोटंबा म्हणजे त्याचं भिक्षापात्र. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी, जोडीला तुणतुणं आणि घाटी, म्हणजे घंटा.

वाघे दोन तऱ्हांचे. घरवाघ्या आपला धंदा-शेती सांभाळून व्रत पाळतो, दारवाघ्या दारोदार वारी, म्हणजे भिक्षा, मागतो. पाग्या, म्हणजे घोडदळातला अधिकारी, झाला तरी वाघ्याचा येळकोट सुटत नाही, अशी म्हण आहे. ती हेटाळणीने वापरतात, पण वाघ्याला त्यात शिवी वाटत नाही. एकनाथांनी भारुडात "अहं" ला वाघ्या केलं आणि त्यालाच देवाच्या दारी वारी मागायला लावली.

मुरळी सोडण्याची प्रथा अजून आहे का?

मुलीचं खंडोबाशी लग्न लावून तिला देवाला वाहणं हा गुन्हा आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, त्याच्याही आधी पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' मधून या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली होती. वाहिलेल्या मुली बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या असत आणि त्यांच्या वाट्याला काय येई, ते सगळ्यांना ठाऊक होतं. देवाच्या नवऱ्यापणाच्या गोड गोष्टी सांगताना हे गाळायचं नाही.

आज जागरणात मुरळी म्हणून नाचणारी बाई कलावंत असते, पथकाबरोबर ठरलेली बिदागी घेते. तिला कलावंताचाच मान द्या, भंडाऱ्याच्या आडून अंगचटीला जाऊ नका.

चंपाषष्ठी आणि वांग्याचा काय संबंध?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, षष्ठीला उठतात. त्या दिवशी मणी-मल्लाचा वध झाला असं मानतात. चातुर्मासात अनेक घरांत वांगं आणि कांदा बंद असतो. तो बंद चंपाषष्ठीला सुटतो, तोही देवाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात दाखवून. ज्या पदार्थांना एरवी नैवेद्यात शिरकाव नाही ते इथे मुख्य पान आहेत. मार्गशीर्षात नवी बाजरी घरात आलेली असते, वांगी भरात असतात. जिरायत शेतकऱ्याच्या ताटात असतं तेच देवाच्या ताटात. नैवेद्याचा एक वाटा कुत्र्याला आठवणीने घाला.

बोकड कापतात तो देवाला का?

देवाला नाही. गाभाऱ्यातला नैवेद्य शाकाहारीच असतो. बोकडाचा मान मणीचा, त्याने मरताना मागून घेतलेला, आणि तो देवळाबाहेर. ज्या घरांत मटणाचा नैवेद्य नाही तिथे पुरणपोळीने काही कमी होत नाही.

औरंगजेबाची आणि भुंग्यांची गोष्ट खरी का?

दंतकथा म्हणून ऐका. मोगल फौज गड फोडायला आली, भिंतीला भोक पाडलं तर आतून भुंग्यांचे थवे निघाले आणि फौज पळाली. बादशहाने शरण येऊन सोन्याचा भुंगा वाहिला, असं पुढे जोडतात. अशी गोष्ट दुसऱ्याही क्षेत्रांबद्दल सांगतात. मला जास्त लक्षणीय वाटतं ते देवाचं मल्लूखान हे नाव. मुसलमान भक्त आणि पठाणी वेषातला देव गाण्यांमध्ये सहज येतो, त्याला कोणी वेगळं स्पष्टीकरण मागत नाही.

जेजुरीला कधी जावं? नऊ लाख पायऱ्या खऱ्या का?

पायऱ्या काही शे आहेत. नऊ लाख गाण्यात. खालच्या गडाचा तट, ओवऱ्या आणि दीपमाळा यांच्यामागे १८व्या शतकातल्या होळकरांचा मोठा हात आहे, कारण खंडोबा त्यांचं कुलदैवत. त्याहून जुनं ठाणं कडेपठारावर. ती चढण दमवते, गर्दी मात्र बरीच कमी.

गर्दी सोसणार असेल तर सोमवती. अमावास्या सोमवारी आली की पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला उतरते. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची पालखी डोंगरात भेटते, आणि मग खंड्याची कसरत होते. सुमारे ४२ किलोची ती तलवार गडी एका हाताने तोलतात, दातात धरून उचलतात. माघी पौर्णिमेला कोळ्यांची आणि देवाच्या उंच निशाणकाठ्यांची गर्दी. नव्या जोडप्याने साधा रविवारही टाळून मधला वार धरावा. नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात, त्याला निदान मोकळी जागा हवी.

आम्ही परदेशात राहतो. जागरण, दिवटी हे सगळं कसं जमवायचं?

जागरण नवसाचं किंवा लग्नानंतरचं असतं, ते भारतात येईपर्यंत थांबू शकतं. पुष्कळ घरांनी ते वर्षानुवर्षं राहिलेलं नंतर उरकलं आहे. चंपाषष्ठीची तळी मात्र कुठेही भरता येते. ताम्हन नसेल तर स्टीलचं ताट चालेल. विड्याची पानं मिळाली नाहीत तर सुपारी आणि खोबरं पुरे. पाच माणसं जमवायला शेजारचा तेलुगू मल्लन्नावाला किंवा कानडी मैलारवाला बोलवा, त्याला येळकोट समजावून सांगावा लागणार नाही. दिवटीऐवजी समई लावा, कारण तेलात भिजलेल्या चिंधीच्या धुराने छतावरची घंटा वाजते आणि आग विझवणारे दारात येतात. भंडारा गालिचा गुंडाळून ठेवल्यावरच उधळा. भाड्याचं घर सोडताना हळदीचे डाग अनामत रकमेतून कापतात.